कीचक करताना मला आनंद होतो, हे चुकीचे आहे का?

वाचकाचे पत्र: मी वेंगुर्ले तालुक्यातील एका वाडीत राहतो. दिवसा काजूच्या कारखान्यात कामाला जातो आणि जत्रांच्या दिवसांत गावच्या हौशी दशावतार मंडळात राक्षसपार्ट करतो. गेल्या जत्रेला आम्ही ‘कीचकवध’ आख्यान लावले होते आणि कीचक माझ्याकडे होता. सैरंध्रीची वाट अडवण्याच्या प्रवेशात मी आयत्या वेळी एक वाक्य टाकले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मला चेव चढला आणि तो प्रवेश मी बराच लांबवला. इतका आनंद मला एरवी कशातच मिळत नाही. घरी आल्यावर बायको बोलली नाही. सहा वर्षांची मुलगी दोन दिवस जवळ आली नाही. आई म्हणते, ‘सारखे राक्षस कसले करतोस, राजपार्ट माग.’ वाईट माणूस रंगवण्यात एवढा आनंद मिळतो, म्हणजे माझ्या आतच काही वाईट आहे का? हे पार्ट सोडून द्यावेत का?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की त्यात दोन आनंद एकमेकांत मिसळले आहेत. एक राक्षस रंगवण्याचा आनंद आणि दुसरा त्या एका वाक्याला मिळालेल्या शिट्ट्यांचा. पहिल्या आनंदाविषयी मला जराही काळजी वाटत नाही. दुसऱ्याविषयी वाटते, आणि तुमच्या पत्नीच्या अबोल्यामागेही तीच काळजी असावी. म्हणून दोन्हींचे उत्तर वेगवेगळे देते.

मी अकरा वर्षांची असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मंथरा केली होती. आदल्या वर्षी मी सीतेची सखी होते, म्हणजे हातात परडी घेऊन एका जागी उभी होते. मंथरेसाठी बाईंनी माझ्या पाठीला उशी बांधली, काजळाने कपाळावर सुरकुत्या काढल्या आणि हातात काठी दिली. कैकेयीच्या कानाशी लागण्याचा प्रसंग आला, तेव्हा पाठ केलेले वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी मी घसा आवळून जवळजवळ कुजबुजतच म्हटले, आणि जाजमावर बसलेली पहिली रांग एकदम पुढे सरकली. घामाने काठीची मूठ ओली झाली होती. रामाला वनवासात धाडावे असे काही त्या क्षणी माझ्या मनात नव्हते. समोरची सगळी माणसे माझ्या पुढच्या शब्दासाठी श्वास रोखून थांबली आहेत, एवढेच मला कळत होते. पुढे मी शिक्षिका झाले आणि अनेक वर्षे मुलांची नाटके बसवली. भूमिका वाटून झाल्या की वर्गातले एखादे अगदी शांत, कधी कोणाला वर मान करून न बोलणारे मूल दाराशी घुटमळायचे आणि हळूच विचारायचे, ‘बाई, दुर्योधन मी करू का?’ अशा मुलांपैकी कोणी पुढे दुर्जन झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

हा आनंद कुठून येतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिले आहे. दशावतारात राजा येतो, बाकड्यावर बसतो, आपल्या राज्याचे वर्णन करतो आणि वाट पाहतो. राक्षस आल्याशिवाय त्याला करण्यासारखे काही नसते. तुमच्याच आख्यानात पाहा: पांडवांच्या अज्ञातवासाचे वर्ष सरत आले आहे, भीम स्वयंपाकघरात आहे, अर्जुन उत्तरेला नृत्य शिकवतो आहे, आणि कीचकाची नजर सैरंध्रीवर, म्हणजे दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीवर, पडली नसती, तर ते वर्ष तसेच निमूटपणे संपले असते. कथा हलवण्याचे काम खलपुरुषाकडे असते, म्हणून नटाला त्यात खरे कर्तृत्व सापडते. त्यातून तुमचा प्रवेश पखवाजावर होतो. पडदा बाजूला सारून तुम्ही पहिला पाय आपटता, पखवाजी त्या पायाला थाप देतो, झांज खणखणते आणि अर्धवट डुलक्या घेणारी जत्रा जागी होते. दिवसभर कारखान्यात मान खाली घालून काम करणाऱ्या, वाडीत चार वडीलधाऱ्यांसमोर आवाज न चढवणाऱ्या माणसाला वर्षातल्या काही रात्री गावाच्या साक्षीने पूर्ण आवाज लावण्याची मुभा मिळते. त्या मुभेचा आनंद होणे मला अत्यंत निरोगी वाटते.

त्या मुभेला कुंपणही भक्कम आहे, हे विसरू नका. कीचकाचे काय होणार, हे समोरच्या लहान मुलालाही ठाऊक असते. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर, पेटाऱ्याची आणि गणपतीची पूजा करून रात्र सुरू होते आणि पहाटे दहिकाल्याने संपते. या दोन टोकांच्या मध्ये राक्षसाने कितीही थैमान घातले तरी सकाळी तो मेलेला असतो आणि नट खोबरेल तेलाने तोंड पुसत चहा पीत असतो. प्रेक्षकाला राक्षस हवाहवासा वाटतो, तोही याच कारणाने. आईच्या मांडीवर बसून, चादरीच्या आडून बघितलेली भीती ही आपल्या मुलांना या प्रदेशाने दिलेली मोठी देणगी आहे.

तुम्ही विचारलेला प्रश्न नवा तर मुळीच नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात एक कथा आहे. पहिला नाट्यप्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात झाला आणि विषय होता देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय. प्रेक्षकांत बसलेले दैत्य संतापले, त्यांनी विघ्नांना पुढे करून प्रयोग बंद पाडला, नटांची वाचा आणि स्मरणशक्ती जखडून टाकली. तेव्हा ब्रह्मदेवाने त्यांची समजूत घातली. नाट्य एकट्या देवांचेही नाही आणि एकट्या तुमचेही नाही, त्यात तिन्ही लोकांच्या भावांचे दर्शन असते, असे त्या सांगण्याचे तात्पर्य आहे. मला या कथेत सर्वांत महत्त्वाचे हे वाटते की ब्रह्मदेवाने दैत्यांचे पात्र काढून टाकले नाही. क्रोध, लोभ, मद हे माणसाच्या आत आहेतच, तुमच्या आहेत तसे माझ्याही. रंगमंचावर आणून त्यांना सर्वांसमोर चालवून दाखवणारा माणूस त्यांच्यामुळे वाईट ठरत नाही. निळू फुले यांचे उदाहरण तुमच्या आईंना जरूर सांगा. पडद्यावरचा त्यांचा दुष्ट पाटील इतका खरा वाटे की खेड्यापाड्यांतल्या बायका प्रत्यक्षातही त्यांना तसेच समजत. आणि हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, जन्मभर सामाजिक चळवळींना साथ देणारा होता.

आणि आपण कोकणातली माणसे तर असुरांशी फारच जवळिकीने वागतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतो, ‘गोविंदा’ म्हणतो आणि त्या कारिटाचा कडू रस जिभेला लावतो. म्हणजे नरकासुराला मारतो आणि त्याची चवही घेतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून खाली गोव्यापर्यंत तरुण मुले रात्र रात्र जागून कागदाचे, गवताचे अवाढव्य नरकासुर उभे करतात. त्यांना मारणाऱ्या कृष्णासाठी एवढी मेहनत क्वचितच घेतली जाते. आरवलीचा वेतोबा हा भुतांचा अधिपती, पण आपण त्याला गावाचा राखणदार मानतो, केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा अर्पण करतो. मुख्य आख्यानाआधी होणाऱ्या आडदशावतारातला संकासूर तर वेद चोरणारा, विष्णूच्या हातून मरणारा दैत्य. तरीही काळा वेश आणि लोंबणारी लाल जीभ दिसली की ‘संकासूर इलो, संकासूर इलो’ म्हणत पोरे पुढे धावतात.

आता दुसऱ्या आनंदाकडे येते. पत्रात तुम्ही ते वाक्य लिहिले आहे, मी ते इथे छापत नाही.

दशावताराला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे, कोणी कोणता पार्ट घ्यायचा हे ठरते, कथेचा ओघ ठरतो आणि पुढचे संभाषण नट स्वतः उभे करतो. ही या कलेची केवढी मोठी श्रीमंती आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण याचाच दुसरा अर्थ असा की कीचकाच्या तोंडी जे आले ते लेखकाने दिलेले नव्हते, ते तुम्ही निवडलेले होते. कुठून निवडले, याचा शांतपणे विचार करा. ते वाक्य महाभारतातले नाही. ते एस. टी. स्टँडवर, कॉलेजच्या वाटेवर, बाजारात बायकामुलींच्या मागून येणाऱ्या वाक्यांपैकी आहे. पोरांनी शिट्ट्या मारल्या त्या ओळखीमुळे. ते वाक्य त्यांनी ऐकलेले होते, कदाचित बोललेलेही होते. तुमच्या पत्नीनेही ते ऐकलेले असणार, पण तिने ते दुसऱ्या बाजूने ऐकले आहे. लग्नाआधी कधीतरी, एकटी असताना, पाठीमागून. आपल्या घरातल्या माणसाच्या तोंडून, गावासमोर, शिट्ट्यांच्या साथीत ते पुन्हा ऐकताना तिला काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकते. तुम्ही राक्षस केला म्हणून ती गप्प झाली असे मला वाटत नाही. त्या काही मिनिटांत राक्षस बाजूला राहिला आणि स्टँडवरचा एक मुलगा रंगमंचावर उभा होता.

इथे संकासुराची आठवण पुन्हा होते. तोही मालवणीत फटकळ बोलतो, थट्टा करतो, लोकांना हसवतो. पण त्याची थट्टा ब्रह्मदेवाची असते, भटजीची असते, गावातल्या मोठ्या म्हणवणाऱ्यांची असते, आणि बरेचदा स्वतःचीही. कीचकासमोर कोण आहे? नाव लपवून दासी म्हणून राहिलेली, नवरे समोर असूनही ज्यांना हाक मारता येत नाही अशी एक बाई. तिच्या अंगावर हसू ओढवून आणणारा कीचक प्रेक्षकांना आपल्या बाजूला घेतो, आणि प्रेक्षक एकदा त्याच्या बाजूला गेले की भीमाच्या हातून त्याच्या मरण्याला काही अर्थ उरत नाही. प्रवेश लांबला हे तुम्ही लिहिले आहे. पुढे वधाच्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या की नाही, ते मात्र तुम्ही लिहिलेले नाही. मला ते जाणून घ्यायला आवडले असते.

म्हणून राक्षसपार्ट सोडू नका, कीचक अधिक मोठा करा. खलपुरुषाची जरब वासनेत नसते, सत्तेत असते. विराटपर्वात कीचक राजाचा मेहुणा आहे, सेनापती आहे, आणि सारे राज्य त्याच्या दंडावर उभे आहे. त्याची बहीण, राणी सुदेष्णा, आपल्या दासीला मद्य आणण्याच्या निमित्ताने भावाच्या घरी पाठवते, कारण तिला त्याला नाही म्हणता येत नाही. सैरंध्री तिथून पळून राजसभेत येते, तो तिच्या मागोमाग येऊन भरसभेत तिला लाथ मारतो, आणि विराट राजा काही करू शकत नाही. कंकाच्या वेशातला युधिष्ठिरही गप्प बसतो. त्या सभेतली शांतता ही कीचकाची खरी भूमिका आहे. लाथ मारल्यावर तुम्ही एक शब्दही न बोलता बाकड्याकडे वळलात, राजाकडे नुसते पाहिलेत आणि राजानेच मान खाली घातली, तर शिट्टी मारण्याची कोणाची हिंमत होणार नाही. पखवाजीला आधी सांगून ठेवा की त्या जागी थाप नको.

याच कथेत केवढी शक्ती आहे, ते आपल्या रंगभूमीने एकदा पाहिले आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आले, तेव्हा लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत गांजलेला देश दिसला, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले. १९१० साली इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. विचार करा, सरकारला भीती कशाची वाटली? कीचकाचा राग घेऊन प्रेक्षक नाट्यगृहाबाहेर पडत होता, याची. हा राग पेटवणे हे कीचक करणाऱ्या नटाचे काम आहे, आणि ते भीमाच्या कामापेक्षा कठीण आहे, कारण भीमाला लोकांचे प्रेम आयते मिळते. आवाज चढवूनच हे साधते असेही नाही. प्रभाकर पणशीकरांनी १९६२पासून आचार्य अत्रे यांच्या नाटकात जो लखोबा लोखंडे रंगवला, तो निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणून न्यायालयात किती गोड, किती आर्जवी बोलतो. एकामागून एक घरे फसवलेला हा माणूस, आणि त्याची सभ्यता पाहूनच अंगावर काटा येतो. तुमच्या कीचकाच्या आवाजाचा पल्ला मोठा आहे असे पत्रावरून दिसते. त्यातला खालचा अर्धा भाग तुम्ही अजून वापरलेला नाही.

राजपार्टाविषयी एवढेच सांगते की आईंच्या समाधानासाठी तो मागू नका. पण तुमचे मंडळ हौशी आहे, तेव्हा तालमी होत असतील. त्यांपैकी एका तालमीत कंकाची जागा मागून घ्या. बाकड्याच्या बाजूला बसा आणि दुसऱ्या कोणाला कीचक करू द्या. आपल्या बायकोला लाथ बसताना नुसते बसून राहणे म्हणजे काय, ते एकदा अंगावर घ्या. त्याहून मोठे धैर्य असेल तर एकदा सैरंध्रीच्या जागी उभे राहा आणि समोरच्याला तुमचे ते वाक्य म्हणायला सांगा. तुमच्या मंडळात जो सैरंध्री करतो, त्याला मात्र हे आधीच विचारायला हवे होते. भर प्रयोगात प्रवेश लांबवलात तेव्हा तोही तिथे अडकून पडला होता, आणि सैरंध्रीला त्या प्रवेशात पळून जाण्यापलीकडे काही करता येत नाही. स्त्रीपार्टी पुरुष असला तरी नऊवारी नेसून, बांगड्या भरून उभा असताना त्याच्या अंगावर जे पडते, ते त्यालाच ठाऊक. त्याची क्षमा मागा, आणि पुढच्या वेळी त्याने हातातला तबक खाली ठेवला की तुम्ही वाट मोकळी करायची, अशी काहीतरी खूण ठरवून घ्या.

पत्नीशी बोलताना ‘ते नाटक होते’ हे वाक्य उच्चारू नका. ते नाटक होते, हे तिला माहीत आहे. कित्येक वर्षे ती पहाटे तुमचा रंग लागलेला सदरा धूत आली आहे. तिला फक्त विचारा की नेमके कोणते शब्द लागले. ती सांगेल तेवढे ऐका, खुलासा करू नका, आणि ते शब्द कीचकाच्या तोंडून कायमचे काढून टाका. पुढच्या प्रयोगाला ती आली, तर बायका बसतात त्या बाजूकडे तुमचे लक्ष असू द्या. कीचक जवळ येताना त्या बाजूला पदर सावरले जात असतील, मुली आईला बिलगत असतील आणि पोरांच्या बाजूला शांतता असेल, तर तुम्हाला पार्ट सापडला असे समजा. मग कितीही आनंद होऊ द्या, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

राहिली मुलगी. ती घाबरली यात तिचे काही चुकले नाही, तुमचा कीचक तिला खरा वाटला एवढेच. तिला ‘घाबरायचे नसते’ असे सांगून काही होणार नाही. पुढच्या जत्रेला तिला संध्याकाळपासून रंगपटात बसवा आणि आरसा तिच्या हातात द्या. सफेदा पाण्यात कालवताना, भुवया काळ्या करताना, गालावर लाली चढवताना तिला पाहू द्या, मध्येच तिचे नाव घेऊन हाक मारा, म्हणजे अर्ध्या रंगवलेल्या तोंडातून बाबांचाच आवाज येतो हे तिला कळेल. मिशी शेवटी लावा, आणि ती तिलाच लावू द्या. मात्र जत्रा अजून लांब आहे, तोवर थांबू नका. उद्या संध्याकाळी कामावरून आलात की खळ्यात तिला भीम करा. झाडूचा बुंधा गदा म्हणून चालेल. तुम्ही कीचक व्हा, जोरात पाय आपटा, थोडे ओरडाही, आणि तिने गदा मारली की नीट मरा. मरताना घाई करू नका. लहान भीमांना राक्षस लवकर मेलेला अजिबात आवडत नाही.